लसणीचा डिप थेट वेदीपाशी!

वाचकहो, आगेरा, म्हणजे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा नव्या पिकाचा सण, होऊन गेला की आमच्या सदराकडे चर्चबद्दलची पत्रं येतात, आणि खाण्याबद्दलची तर बारा महिने येत असतात. यावेळी एका ताईंच्या पत्रात दोन्ही एकत्र आलंय म्हणून त्यांना सगळ्यात जास्त जागा दिली आहे, बाकीची तीन पत्रं त्यांच्या मागोमाग.

प्रश्न : ताई नमस्कार, पत्र लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा. आम्ही अंधेरी पूर्वला राहतो. आमच्या तळमजल्यावर एक ईस्ट इंडियन कुटुंब आहे, त्यांच्या आँटींचं आणि आमचं इतकं जमतं की दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट खाली जातं आणि ख्रिसमसला त्यांच्याकडचं ताट वर येतं. यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये आगेरा होता, म्हणाल्या तुम्ही सगळेच या, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) झाली की जेवण आहे, प्रत्येकजण घरून काहीतरी करून आणतो, तू तुझा तो लसणीचा डिप आण. हा डिप म्हणजे घरच्या दह्याचा चक्का, त्यात लसूण, किसलेली काकडी, कोथिंबीर आणि वरून आँटींनीच दिलेला बॉटल मसाला तेलात घालून. आमच्या बिल्डिंगमधली पोरं तो चकलीबरोबर खातात, पोळीला लावून खातात, काही नसलं तर बोटाने चाटतात.

आता चर्चला न्यायचं म्हणजे प्लास्टिकच्या डब्यात कसं न्यायचं, म्हणून सासूबाईंच्या माहेरचा पितळी डबा काढला, कल्हई केलेला आहे तो. वर केळीचं पान लावलं आणि सणाचा दिवस म्हणून पानावर एक झेंडूचं फूल ठेवलं. दारात आँटी घाईत होत्या, म्हणाल्या मागच्या टेबलावर ठेव. मी आत गेले तर खरंच मागे दाराजवळ एक टेबल होतं, पांढरंशुभ्र कापड, त्यावर भाताच्या लोंब्या, भोपळा, केळ्यांचा घड, काकड्या, एका ताटलीत गोल पातळ पांढऱ्या चकत्या आणि काचेची छोटीशी सुरई. मला वाटलं हेच ते, काकड्याही ठेवल्यात म्हणजे डिपची सोय झालीच आहे. ठेवला डबा आणि बसले जाऊन.

मिस्सा मराठीतच होती त्यामुळे बरंचसं कळत होतं. मध्येच गाणं सुरू झालं आणि मागून मिरवणूक निघाली, पुढे लोंब्या घेतलेली लहान मुलं, मग भोपळा, मग केळी, आणि मग पांढऱ्या शर्टातला एक मुलगा अगदी सावकाश पावलं टाकत आला आणि त्याच्या दोन्ही हातांत आमचा डबा! सासूबाईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "अगं, लसूण आहे त्यात!" हळू म्हणाल्या असं त्यांचं म्हणणं आहे पण पुढच्या दोन बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. फादरनी डबा दोन्ही हातांनी घेतला, मान झुकवली आणि वेदीच्या बाजूच्या पायरीवर भोपळ्याशेजारी ठेवला. पंखा नेमका तिकडूनच होता. थोड्या वेळात लसूण आणि बॉटल मसाल्याचा वास शेवटच्या बाकापर्यंत आला, एक छोटी मुलगी शांततेत मोठ्याने म्हणाली "मम्मा, भूक लागली" आणि आजूबाजूचे सगळे हसू दाबायला लागले. शेवटी सूचना सांगताना फादर म्हणाले, हे ज्या घरातून आलंय त्या घराचे आभार, आज सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे लागलंय आणि माझंही लागलंय. मग मात्र अख्खं चर्च हसलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण मिस्सानंतर कंपाउंडमध्ये अर्पण केलेल्या भाज्या-फळांचा लिलाव झाला, गरजूंसाठी पैसे जमवायला, आणि मी आँटींना शोधतेय तोवर एका वयस्कर अंकलनी भोपळा आणि आमचा डबा एकदमच बोली लावून घेतला आणि रिक्षात बसून गेले सुद्धा. आता सासूबाई दोन गोष्टींवर अडून बसल्यात, एक म्हणजे लसणीचं देवापुढे गेलं हे बरोबर झालं का, आणि दुसरं म्हणजे डबा. मला वाटतं आपण दान दिलेली वस्तू परत कशी मागायची. शिवाय मला कळलंय की अंकलनी घरी उघडला तेव्हा डिपवर पाणी आलं होतं, ते ऐकून तर मला फारच वाईट वाटलं, घरी असं कधी होत नाही. आणि सासूबाईंनी एक अजून विचारायला सांगितलंय, की ही माणसं आपल्या कोकणातल्यासारखं नवं धान्य देवाला कसं काय वाहतात?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : सासूबाईंना आधी माझा नमस्कार सांगा आणि सांगा की काहीही वाईट झालेलं नाही, कुणाचा अपमान झालेला नाही. मी स्वतः ईस्ट इंडियन घरातली, मरोळ बाजूची, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाहीये.

तुम्ही जी मिरवणूक बघितलीत तिला अर्पणाची मिरवणूक म्हणतात. ताटलीतल्या त्या पांढऱ्या चकत्या म्हणजे मिस्सासाठीची भाकर, फक्त गहू आणि पाणी, यीस्ट नाही, आणि सुरईत द्राक्षाचा वाईन. मिस्सामध्ये पवित्र होतं ते एवढंच, भाकर आणि वाईन. बाकी जे काही माणसं पुढे नेतात, भाजी, फळं, तांदूळ, पैसे, ते गरिबांसाठी किंवा चर्चसाठी दिलेलं दान असतं आणि ते वेदीवर ठेवत नाहीत, बाजूला योग्य जागी ठेवतात. हे कुणा फादरच्या मनावर नाही, मिस्साच्या सर्वसाधारण सूचना आहेत त्यांच्या 73 व्या कलमात तसं स्पष्ट दिलंय. तुमच्या फादरनी डबा पायरीवर भोपळ्याशेजारी ठेवला तो म्हणूनच, म्हणजे त्यांनी अगदी नियमाप्रमाणे केलं. त्यामुळे तुमचा डिप हा नैवेद्य झाला नाही आणि प्रसादही झाला नाही, तो दान झाला, आणि दान म्हणून तो पावला कारण त्याचे पैसे गरजू घरात गेले.

लसणीचं म्हणाल तर चर्चमध्ये कांदा-लसणीचा असा काही नियमच नाही. आणि तुमच्याकडे तरी सगळ्याच देवांना ती वर्ज्य कुठे आहे? चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा दाखवतात तेव्हा पातीचा कांदा आणि लसूण असतातच की, चातुर्मासात सोडलेलं वांगं-कांदा-लसूण त्या दिवसापासून कितीतरी घरांत पुन्हा सुरू होतं. सासूबाईंना हे माहीत असणारच, फक्त त्या क्षणी दंड धरायच्या घाईत आठवलं नसेल.

त्या मुलाचीही काही चूक नाही हं. आगेऱ्याच्या दिवशी मागच्या टेबलावर केळीचं पान लावलेला, फूल ठेवलेला पितळी डबा दिसला तर कुणीही तो अर्पणाचाच समजणार, मीसुद्धा उचलून दिला असता. आँटींना म्हणायचं होतं ते हॉलमधलं किंवा मांडवातलं टेबल. पुढच्या वेळी जेवणाचा पदार्थ न्याल तेव्हा डब्यावर कागदाची चिठ्ठी लावा, घराचं नाव आणि "जेवणासाठी" एवढंच, आमच्या बायका स्टीलच्या डब्यांवर नाव कोरून घेतात किंवा नेलपेंटने लिहितात. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, पन्नास घरांचे डबे एकत्र आले की सगळ्यांचेच हरवतात.

आता नव्या धान्याचं. सासूबाईंचा प्रश्न मला फार आवडला. आम्ही ईस्ट इंडियन म्हणजे बाहेरून आलेले नाही हो, इथलेच, मुंबई, साष्टी, वसई, ठाण्याकडच्या गावांतले शेतकरी, कोळी, भंडारी, आगरी, असे सगळे, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले. ईस्ट इंडियन हे नाव तर 1887 सालचं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 50 वर्षं झाली तेव्हा आपल्या लोकांनी ते घेतलं, म्हणजे इंग्रजांच्या नोकरीत गोव्याहून आलेल्यांपेक्षा वेगळे ओळखू यावेत म्हणून. धर्म बदलला पण भात तोच राहिला, पाऊस तोच, कापणीचा महिना तोच. तुम्ही कोकणात दसऱ्याला किंवा नवान्न पौर्णिमेला लोंब्या, पानं, फुलं एकत्र बांधून दाराला नवं बांधता, आम्ही त्याच दिवसांत लोंब्या कापून बँड लावून चर्चला नेतो आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग ती लोंबी घरी आणून ठेवतात. आता मरोळ-साकीनाक्याच्या शेतांवर कंपन्या आणि टॉवर आलेत, थोडंफार शेत बघायचं तर गोराई, मनोरी, उत्तनकडे जावं लागतं, तरी आगेरा सोडलेला नाही. गावठाणातल्या पोरांनी भाताचं रोप जमिनीत उभं कधी बघितलेलं नसतं, ती आगेऱ्याला लोंबी हातात धरतात तेव्हा मला भरून येतं, खरंच.

डब्याचं सांगते. बिनधास्त मागा. लिलावात अंकलनी बोली लावली ती खाण्याच्या वस्तूवर, सासूबाईंच्या माहेरच्या डब्यावर नाही आणि हे त्यांनाही पटेल. आँटींना बरोबर घ्या, चर्चच्या ऑफिसमध्ये लिलावाची वही असते, कुणी काय घेतलं ते लिहिलेलं असतं, पत्ता नाही तर निदान कुठल्या झोनचे, म्हणजे चर्चच्या वस्तीतल्या कुठल्या भागातले, ते कळेल आणि झोन कळला की माणूस कळतो, आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. जाताना नवीन केलेला डिप दुसऱ्या डब्यात घेऊन जा. पहिल्या वेळचा पाणी सुटलेला मिळाला ना त्यांना, मग चांगला खाऊ घाला. रिकाम्या हाताने डबा मागायला जाऊ नका, आणि अंकलही तुम्हाला डबा रिकामा देणार नाहीत बघा.

आता पाणी का सुटलं. यात तीन कारणं आहेत आणि मला वाटतं तुमच्या डब्यात तिन्ही एकत्र झाली. पहिलं, काकडी. मीठ लागलं की काकडी पाणी सोडतच राहते, घरी तुम्ही करता आणि लगेच संपतो म्हणून कळत नाही, इथे मिस्सा, सूचना, लिलाव, रिक्षा एवढा वेळ गेला. दुसरं, ऑक्टोबर हीट. चक्का गरम झाला की त्यातलं उरलेलं पाणी वेगळं व्हायला लागतं. तिसरं, चक्का पुरता निथळला नसणार. आपण श्रीखंडाला जसा घट्ट लागतो तसाच डिपला लागतो पण डिप म्हटलं की लोक दोन-तीन तासांतच फडकं सोडतात.

माझी पद्धत अशी. 1 लिटर फुल क्रीम दुधाचं दही लावायचं, आंबट होऊ द्यायचं नाही, लागलं की लगेच फ्रिजमध्ये. मग मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर ताटली आणि ताटलीवर वजन, आणि हे सगळं रात्रभर फ्रिजमध्येच. नळाला टांगून ठेवायची पद्धत थंडीत ठीक आहे, मुंबईच्या उकाड्यात बाहेर टांगलं की सकाळपर्यंत आंबट ढाण होतं. साधारण 400 ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो, दुधावर थोडं कमी-जास्त. खाली जमलेलं पाणी टाकू नका, थालीपीठाची भाजणी त्यात भिजवा.

काकडी बिया काढून किसा, चिमूटभर मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि मग मुठीत धरून पिळा, अगदी जोर लावून, किस मुठीतून कोरडा पडला पाहिजे. लसणीच्या दोन-तीन पाकळ्या मिठाबरोबर ठेचा आणि त्यावर अर्ध्या लिंबाचा रस घालून दहा मिनिटं तशाच ठेवा. लसूण ठेचली की तिचा उग्रपणा तयार होतो आणि लिंबाच्या आंबटपणाने तो वाढायचा थांबतो, म्हणून चव राहते पण घशाला लागत नाही. शेवटच्या बाकापर्यंत वास गेला म्हणजे लसूण सढळ होती असं मला वाटतं.

मग बॉटल मसाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा आमचा घरचा मसाला, एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून, एकेक जिन्नस वेगळा भाजून कांडतात, मिरची, हळद, धणे, खसखस, तीळ, मोहरी, दगडफूल असे 20 च्या वर जिन्नस असतात, आणि त्यात भाजलेले गहू आणि हरभराही पडतात. बियरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरतात म्हणून बॉटल मसाला, उजेड लागत नाही त्यामुळे रंग आणि वास टिकतो. दर घराचं प्रमाण वेगळं आणि कुणी कुणाला पूर्ण सांगत नाही, तेव्हा आँटींनी तुम्हाला बाटली दिली म्हणजे तुम्ही घरच्या झालात. एक मोठा चमचा तेल कोमट करा, गॅस बंद करा आणि मग अर्धा छोटा चमचा मसाला घाला. गॅस चालू ठेवून घातलात तर जळून कडू होतो. तेल गार झालं की चक्क्यात.

आणि चक्का मिक्सरला लावू नका, पातळ होतो, पुन्हा घट्ट होत नाही. चाळणीवर किंवा पुरणयंत्रातून काढा नाहीतर हाताने फेटा. मीठ सगळ्यात शेवटी, काकडी तर त्याहून शेवटी. कुठे न्यायचा असेल तर चक्का-लसूण-मसाला एका डब्यात आणि पिळलेली काकडी वेगळ्या डब्यात न्या, वाढताना मिसळा. वर थोडं पाणी आलं तरी घाबरायचं नाही, तो दह्याचाच निथळ असतो, ढवळला की आत जातो. मात्र वेळ सांभाळा. दह्याचा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा 32 च्या वर असेल तर एका तासाच्या वर नको, हा अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे. म्हणून चर्चमध्ये जाताना डबा बर्फाच्या पिशवीत आणि थेट हॉलमधल्या बायकांच्या हातात द्या, टेबलावर ठेवूच नका. पितळी डबा नेणार असाल तर कल्हई तपासून घ्या, उडाली असेल तर दही-लिंबू त्यात ठेवायचं नाही.

प्रश्न : ताई, मी दादरचा, ऑफिसमधल्या मित्राच्या लग्नाला चर्चमध्ये गेलो होतो. मध्ये सगळे रांगेत उभे राहिले तसा मीही राहिलो, फादरनी काहीतरी म्हणून हातावर ती गोल चकती ठेवली. आपल्याकडे प्रसाद घरी नेतात म्हणून मी रुमालात बांधून खिशात ठेवली, बायकोसाठी. बाकावर जाईपर्यंत एक स्वयंसेवक धावत आला आणि म्हणाला अंकल, इथेच खा किंवा परत द्या. मी एकदम गोंधळलो, त्याला वाटलं मी मुद्दाम केलं. मी परत दिली. पण मनातून जात नाहीये, लोकांना काय वाटलं असेल?
– एक वाचक, दादर

उत्तर : दादा, परत दिलीत ते अगदी योग्य केलंत. तुमच्या मनात काय होतं, तर बायकोच्या वाटणीचं घरी न्यायचं, यापेक्षा चांगला हेतू काय असणार. पण तो मुलगा का धावला तेही समजून घ्या, कारण आमच्यासाठी ती गोष्ट फार मोठी आहे.

मिस्सामध्ये ती भाकर पवित्र झाल्यावर आम्ही तिला ख्रिस्ताचं शरीर मानतो, प्रतीक म्हणून नाही, खरोखर. फादर देताना "ख्रिस्ताचं शरीर" म्हणतात, घेणारा "आमेन" म्हणतो, आणि तिथल्या तिथे खातो. ती खिशात जाणं, कुठे पडणं, घरी डब्यात राहणं हे आम्हाला सहन होत नाही, म्हणून स्वयंसेवकांना लक्ष ठेवायला सांगितलेलं असतं. तुमच्यावर संशय नव्हता हो. कॅथलिक चर्चमध्ये ती बाप्तिस्मा झालेल्या, मिस्साची तयारी केलेल्या कॅथलिकांनाच देतात, आमची मुलंसुद्धा पहिला कोम्युनियन, म्हणजे ती भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, होईपर्यंत घेत नाहीत, आईबापांबरोबर रांगेत जातात आणि हात छातीवर जोडून आशीर्वाद घेऊन येतात. त्यामुळे पुढच्या वेळी रांग लागली की बाकावर बसून राहा, कुणी काही म्हणत नाही, बरेच कॅथलिकही कधी कधी बसून असतात. दुसऱ्या पंथांच्या चर्चमध्ये पद्धत थोडी वेगळी असते, तिथे शेजारच्याला आधी विचारा.

आणि जाता जाता, काही चर्चमध्ये फादर ती भाकर वाईनमध्ये बुडवून थेट जिभेवर देतात, ते बघून पाहुण्यांना वाटतं आपणच बुडवून घ्यायची. तसं नाही, घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने बुडवायची परवानगी नाही, 2004 साली व्हॅटिकनने हे लेखी सांगितलंय. बायकोला काही न्यायचंच असेल तर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला दोघं मिळून जा, नाहीतर सप्टेंबरमध्ये बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला. तिथे मेणबत्ती घ्या, मेणाचं घर घ्या, बाळ घ्या, सगळ्या धर्माची माणसं वाहतात, कुणी कुणाला अडवत नाही. येताना जत्रेतले चणे आणि मिठाई बायकोसाठी खिशात भरून आणा.

प्रश्न : असा डिप कांदा-लसणीशिवाय होतो का? आमच्याकडे श्रावण कडक असतो आणि पोरांना तर रोज पाहिजे.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : होतो आणि छान होतो. लसणीच्या जागी आलं किसून त्याचा फक्त रस घ्या, चोथा नको, दोऱ्या येतात. पुदिना आणि कोथिंबीर बारीक चिरून, वाटून नाही, वाटली की पाणी सुटतं. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर हिंग तेलात फुलवून घाला, लसणीची आठवण बऱ्यापैकी भागते. उपासाला पाहिजे असेल तर कोथिंबीर-हिंग काढा, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घाला, रताळ्याच्या कापांबरोबर मुलं हसत खातील. बाजारचा तयार चक्का आणलात तरी चालेल पण घरी आणून तासभर पुन्हा फडक्यात निथळा, श्रीखंडासाठी विकतात तो कधी कधी बराच ओलसर असतो.

प्रश्न : शेजारी ख्रिस्ती आहेत. गुड फ्रायडेला त्यांच्याकडे काही करून पाठवावं का? डिप आणि बटाट्याचे काप पाठवायचा विचार आहे, की त्या दिवशी दही चालत नाही?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : दही चालतं, दूध-अंडी-मासेही चालतात, वर्ज्य असतं ते मांस. पण ॲश वेन्सडे (इस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपासाचे, 18 ते 59 वयाची माणसं दिवसात एकदाच पोटभर जेवतात, बाकी दोनदा अगदी थोडं. शिवाय दुपारी तीनच्या सुमारास चर्चमध्ये असतात आणि घरात त्या दिवशी दुःखाचं वातावरण असतं, त्यामुळे चमचमीत काही पाठवलंत तर ते घेतील पण झाकून ठेवतील. तुम्ही शनिवारी रात्रीची वाट बघा. इस्टरची जागरणाची मिस्सा उशिरा संपते, घरी येतात तेव्हा तो चाळीस दिवसांचा उपासकाळ संपलेला असतो आणि सगळ्यांना सपाटून भूक असते. रविवारी सकाळी दहाच्या आत नेऊन द्या, तोवर फुग्या (पिठाचे तळलेले फुगीर गोळे) तळून झालेल्या असतात, आणि गरम फुगी तोडून तुमच्या डिपमध्ये बुडवली की मग काही विचारूच नका. दुपारच्या जेवणाला सोरपोतेल (पोर्कचा रस्सा) असतं त्यामुळे त्यांच्याकडूनही काहीतरी येईल, तुम्ही मटण-पोर्क खात नसाल तर डबा देतानाच सांगून टाका, ते वाईट वाटून घेणार नाहीत, उलट तुमच्यासाठी वेगळा केक बाजूला काढून ठेवतील.